कल्पित पात्रांचा उपदेश आणि शिकाऊ उमेदवार

या विवेचनात चार संज्ञा वारंवार येतील. त्यांचे अर्थ आरंभीच निश्चित केलेले बरे. ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत, एखादे कसब आत्मसात करण्यासाठी प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने तिला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे, आणि हा भेद केवळ कायद्यापुरता नाही. कामगार श्रम देतो आणि वेतन घेतो. उमेदवार श्रम देतो आणि मुख्यतः ज्ञान घेतो. हाती पडणारे विद्यावेतन हा त्या व्यवहाराचा गौण भाग असतो. ‘उपदेश’ म्हणजे पुढे येणाऱ्या प्रसंगी कसे वागावे याविषयी त्या वाटेने आधी गेलेल्याने केलेले मार्गदर्शन. ‘कल्पित पात्र’ म्हणजे ज्ञात लेखकाने कादंबरी, नाटक वा व्यक्तिचित्र यांत निर्माण केलेली व्यक्ती. चौथी संज्ञा ‘किंमत’. आपल्या स्वभावापायी आणि निर्णयांपायी त्या पात्राला कथेच्या अखेरीपर्यंत जे गमवावे लागते, ती त्याची किंमत होय.

कल्पित पात्राच्या या व्याख्येतून तीन वर्ग हेतुतः वगळले आहेत. एकलव्य, कर्ण यांसारख्या महाभारतीय व्यक्ती वगळल्या, कारण त्यांच्याविषयी समाजात श्रद्धा आहे आणि श्रद्धेचा विषय परीक्षेला बसवता येत नाही. पंचतंत्र-हितोपदेशातील पशुपक्षी वगळले. वास्तविक, कल्पिताच्या द्वारे व्यवहार शिकवण्याची परंपरा आपल्याकडे तेथूनच सुरू होते: अमरशक्ती राजाच्या तीन पुत्रांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत राजनीती शिकवली ती कथांतूनच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरच्या छापखान्यातून जे पहिलेवहिले मराठी गद्य बाहेर पडले, त्यातही हितोपदेश होता. परंतु तेथील कोल्हा धूर्त असतो आणि आरंभापासून अखेरपर्यंत धूर्तच राहतो. त्याला स्वभाव आहे, आयुष्य नाही. म्हणून त्याची किंमत काढता येत नाही. तिसरा वर्ग आत्मपर लेखनाचा. ‘श्यामची आई’ (१९३५) मधील आईचा उपदेश महाराष्ट्राला पाठ आहे. पण ती लेखकाची प्रत्यक्ष आई असल्यामुळे प्रस्तुत व्याख्येत बसत नाही.

आता ज्या उमेदवारासाठी हा विचार करायचा त्याची स्थिती पाहू. उदाहरणासाठी पांढुर्णा आणि सौंसर हा प्रदेश घेतला आहे, आणि त्यामागे कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडील हा मराठीभाषी भागही तेथेच राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. येथील मुलाच्या घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी बोलली जाते. त्याचा करार, त्याचे अर्ज आणि कचेरीतील सर्व व्यवहार हिंदीत होतात. यंत्रावरील सूचना इंग्रजीत असतात. मोठी बाजारपेठ मात्र नागपूरची. काम तीन ठिकाणी मिळते. एक, बोरगाव आणि सातनूर या बाजूचे कारखाने. दोन, गावातील गॅरेज, शिलाईची आणि वेल्डिंगची दुकाने. तीन, संत्र्याची शेती, रोपवाटिका आणि संत्र्याचा व्यापार. २०२३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने ‘मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना’ आणली आणि शिक्षणानुसार महिना ८,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. त्यामुळे उमेदवारीचा प्रश्न आता काही मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही.

उमेदवाराला उपदेश करणारे पुष्कळ असतात. तरीही कल्पित पात्राकडे का जावे, याचे उत्तर त्या उपदेशकांच्या हितसंबंधांत आहे. वडिलांना मुलाची कमाई लवकर सुरू व्हावीशी वाटते. उस्तादाला हाताशी आलेला पोरगा सुटू नये असे वाटते. कारखान्यातील अधिकाऱ्याला मुदत विनातक्रार संपावी असे वाटते. यांपैकी कोणी वाईट नाही; परंतु कोणी तटस्थही नाही. कल्पित पात्राचा उमेदवारात कोणताही हितसंबंध नसतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जिवंत उपदेशकाचे आयुष्य अपूर्ण असते. त्याने सांगितलेली नीती अखेर कोठे पोहोचते हे त्याला स्वतःलाही माहीत नसते. कल्पित पात्राचे आयुष्य पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समोर असते. म्हणून या विवेचनाचा मुख्य सिद्धांत असा मांडता येतो: कल्पित पात्राचा उपदेश त्याच्या तोंडच्या वाक्यांत शोधू नये, त्याने मोजलेल्या किमतीतून तो अनुमानाने काढावा.

हा सिद्धांत सोडला तर काय होते, याचे उदाहरण मराठी साहित्यानेच देऊन ठेवले आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधील सखाराम गटणे हा वाचनाने भारावलेला मुलगा पुस्तकातील भाषा बोलतो आणि पुस्तकातील वाक्यांनी जगू पाहतो. त्याची निष्ठा खरी आहे, श्रम खरे आहेत. चूक पद्धतीची आहे. त्याने वाक्ये उचलली, आयुष्ये पाहिली नाहीत. म्हणून खालील प्रत्येक पात्राला तीन कसोट्या लावल्या आहेत. पात्राने किंमत मोजली आहे काय? त्याची परिस्थिती उमेदवाराच्या परिस्थितीशी तुल्य आहे काय? आणि त्यातून निघणारे आचरण उमेदवाराच्या हातात आहे काय? तिसऱ्या कसोटीवर बहुतेक उदात्त उपदेश गळून पडतात.

पात्रांकडे वळण्यापूर्वी आणखी एक विभागणी करावी लागते, आणि ती व्यवसायांची आहे. व्यवसायांचे वर्ग सामान्यतः कच्च्या मालावरून वा मिळकतीवरून पाडतात. उमेदवाराच्या दृष्टीने ते निरुपयोगी आहेत. त्याच्यासाठी खरा भेद एकच: केलेली चूक किती काळाने दिसते? या तत्त्वावर तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात चूक तत्काळ दिसते. लेथवर माप चुकले तर तो भाग बसत नाही. कापड चुकीचे कापले तर गिऱ्हाईक दुकानातच बोलते. दुसऱ्या वर्गात चूक हंगामाने दिसते. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात आणि ताण पुरा झाल्यावर पुन्हा पाणी सोडतात. मग फुले येतात. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात बसतो आणि पावसाने सुटतो. ताण किती दिवसांचा, हे जमिनीवर अवलंबून असते. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. कॅलेंडर पाहून तो ठरवता येत नाही, पाने पाहून ठरवावा लागतो. ज्याने घाईने पाणी सोडले त्याला आपली चूक त्या दिवशी कळत नाही. विरळ बहार दिसल्यावर कळते, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. तिसऱ्या वर्गात चूक वर्षांनी दिसते. संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या वा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी, भरतात. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा घेतला आणि तो जमिनीपासून किती उंचीवर भरला, यावर पुढची बाग ठरते. डोळा फार खाली भरला आणि तो मातीच्या ओलाव्याजवळ राहिला, तर पुढे डिंक्या रोगाचा धोका वाढतो. रोप विकले जाते, पैसे मिळतात, उमेदवाराची पाठ थोपटली जाते. दोष उघड होतो तेव्हा बाग फळावर आलेली असते आणि डोळा भरणारा मुलगा तेथे नसतो. शेजारच्या वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. या कसबाची जबाबदारी किती लांब पल्ल्याची असते, हे त्या पट्ट्यातील प्रत्येक बागायतदार जाणतो.

तीन वर्गांना उपदेशही तीन प्रकारचा लागतो, आणि मराठी साहित्यात प्रत्येकासाठी एक अधिकारी पात्र सापडते.

तत्काळ वर्गासाठी उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक. या पात्राला येथे अधिक जागा देणे न्याय्य आहे, कारण तुल्यतेच्या कसोटीवर तिच्याइतके जवळचे दुसरे कोणी नाही. घर शिंप्याचे, भूमी विदर्भाची, बोली वऱ्हाडी. सौंसरच्या मुलाला तिच्या तोंडचा एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिचा नवरा महादेव शिंपी आहे. त्याचे उणे कसबात नाही. संसार उभा करायला लागणारी धमक आणि सातत्य त्याच्यात नाही. कौतिक ते सातत्य स्वतःच्या अंगावर घेते, मोलमजुरी करते, मुलांना पुढे नेऊ पाहते, आणि संकटांमागून येणाऱ्या संकटांत अखेर तिचे मन ढासळते.

यातून दोन अनुमाने निघतात. पहिले: ज्या व्यवसायात चूक त्याच क्षणी दिसते, तेथे हात लवकर सुधारतो, म्हणून अशा व्यवसायात माणसामाणसांतील अंतर कौशल्याने पडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभे राहण्याने पडते. महादेवाला शिलाई येत होती. ती येणे पुरेसे नव्हते. वेल्डिंग सहा महिन्यांत जमते आणि मग मुलगा कंटाळतो; कौतिकच्या उपदेशाची खरी वेळ ती. दुसरे अनुमान तिच्या किमतीतून येते आणि ते अधिक कठोर आहे. सगळ्या घराचा भार एकाच माणसावर पडला की तो माणूस कितीही खंबीर असला तरी मोडतो. उमेदवाराचे विद्यावेतन हे घराचे मुख्य उत्पन्न होऊन बसले, तर तो शिकू शकत नाही. वर्ष पुरे होण्याआधी कोणी जास्त रोजी देऊ करतो आणि घर त्याला तिकडे ढकलते. कौतिकच्या जागी उभे राहून विचार केला तर सल्ला असा मिळतो: विद्यावेतनाचा खरा आकडा आणि मुदतीची खरी तारीख पहिल्याच दिवशी घरी सांगावी, घराने त्या रकमेवर कर्ज काढू नये, मुदत पुरी करावी. हे आचरण उमेदवाराच्या हातात आहे. कौतिकच्या हातात ते कधीच नव्हते, आणि तिच्या शोकांतिकेचे मूळ तेथे आहे.

हंगामी वर्गासाठी व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) मधील तरुण मास्तर. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर त्याची नेमणूक होते. शाळा आहे, मुले नाहीत. ती मेंढरांमागे जातात. येथे मास्तरापुढे दोन मार्ग होते: सरकारी हुकूम दाखवणे, किंवा वाडीचा कारभारी कोण आहे ते ओळखून त्याच्यामार्फत जाणे. त्याने दुसरा निवडला. नव्या जागी कामाला लागणाऱ्याने आधी हा कारभारी शोधावा. कारखान्याच्या शेडमध्ये तो बहुधा सुपरवायझर नसतो. वीस वर्षे त्याच यंत्रावर काढलेला ऑपरेटर असतो. संत्र्याच्या बागेत तो मालक नसतो. पानाकडे पाहून ताण पुरा झाला की नाही हे सांगणारा म्हातारा गडी असतो. त्याला पद नसते, परंतु त्याच्या संमतीशिवाय काहीही चालत नाही.

पुढे मास्तर वाडीच्या श्रमातून तालीम उभी करतो; औंधचे राजे येतात, सोहळा होतो. नंतर दुष्काळ पडतो आणि वाडी पांगते. काम बिनचूक होते, तरी ते ज्यांच्यासाठी केले ती माणसेच उरली नाहीत. ही त्याची किंमत. हंगामी व्यवसायात श्रम आणि फळ यांमध्ये पाऊस, गारपीट, फळगळ आणि मंडीतला भाव उभा असतो. म्हणून अशा व्यवसायातील उमेदवाराने वर्षाअखेर दोन निरनिराळे हिशेब मांडावेत: आपण जे करायला हवे होते ते केले काय, आणि जे मिळाले ते किती. दुसऱ्या हिशेबावरून पहिल्याचा निकाल लावणारा माणूस एका गारपिटीने कसब सोडतो, किंवा एका चांगल्या भावाने स्वतःला तज्ज्ञ समजू लागतो. दुसरा प्रकार अधिक हानिकारक आहे.

दीर्घकालीन वर्गासाठी ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधील चितळे मास्तर. शिक्षकाचा व्यवसाय डोळा भरणाऱ्याच्या व्यवसायासारखाच: दोष आणि गुण दोन्ही वर्षांनी दिसतात. मास्तरांची किंमत झिजलेल्या वहाणांत आणि आयुष्यभरच्या ओढगस्तीत दिसते. तरीही त्यांनी शिकवणे कमी केले नाही, कारण त्यांचा परीक्षक बाहेर नव्हता. येथून निघणारा नियम असा: ज्या कामात दोष उशिरा दिसतो, त्यात पर्यवेक्षकाची शाबासकी हे प्रमाण मानू नये, स्वतःची नोंदवही हेच प्रमाण मानावे. रोपवाटिकेतील मुलाने मातृवृक्ष, खुंट, डोळा भरल्याची तारीख, उंची आणि रोप कोणत्या गावी गेले हे लिहून ठेवावे. पाच वर्षांनी त्या गावी जाऊन झाड पाहावे. रोपवाटिकांत ही सवय पडली तर या प्रदेशाच्या संत्र्याचे पुष्कळ भले होईल, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

व्यवसायाचा वर्ग कोणताही असो, काही प्रश्न सर्वांना समान असतात. त्यांतील पहिला कामाच्या मालकीचा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ मधील नारायण लग्नघरातील प्रत्येक काम जाणतो. त्याच्यावाचून पान हलत नाही, आणि कार्य पार पडल्यावर त्याची आठवण कोणालाही राहत नाही. लहान दुकानातील उमेदवाराचा नारायण फार लवकर होतो. चहा आणणे, बँकेत जाणे, मालकाच्या मुलाला शाळेत सोडणे ही सगळी कामे तो आनंदाने करतो आणि वर्षाअखेर त्याला एकही काम स्वतःचे म्हणून येत नसते. आरंभीच्या दिवसांत अशा कामांना नाही म्हणू नये. पण एका ठरावीक कामाची जबाबदारी नावाने मागून घ्यावी, मग ते काम कार्बोरेटर साफ करण्याइतके लहान असले तरी चालेल.

दुसरा प्रश्न व्यक्ती आणि व्यवसाय यांच्या संबंधाचा. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर रंगभूमीवरून निवृत्त होताना जवळचे सर्व मुलांना वाटून टाकतात. त्यानंतर त्यांच्याजवळ दोनच गोष्टी उरतात, जुन्या भूमिका आणि पत्नी कावेरी. आणि पुढे तीही जाते. अखेरीस रस्त्यावर बूटपॉलिश करणारा मुलगा त्यांना आसरा देतो. थोर कलावंत आणि कष्टकरी पोर यांची ही भेट मराठी नाटकात अपूर्व आहे, आणि उपदेशाची दिशा तेथे उलटी झालेली आहे: आधार देणारा तो मुलगा आहे. बेलवलकरांच्या किमतीतून उमेदवाराने घ्यायचे ते आर्थिकही आहे आणि मानसिकही. पहिल्या विद्यावेतनापासून थोडी रक्कम स्वतःच्या खात्यात ठेवावी. आणि कसबाबाहेरही आपले म्हणून काहीतरी असावे, कारण काम कधीतरी थांबतेच.

तिसरा प्रश्न गुरू निवडण्याचा. पु. ल. देशपांडे यांचे ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) हे नाटक मध्य प्रदेशातीलच, इंदूरच्या वातावरणातले. कठोर संयमाचे आचार्य आणि जीवनाचा रसिकपणे आस्वाद घेणारे काकाजी यांच्यामध्ये तेथील तरुण सापडले आहेत. प्रेक्षक काकाजींच्या बाजूला झुकतो, आणि आपल्या आयुष्यातले काही निसटून गेले हे आचार्यांनाही अखेर मान्य करावे लागते. तथापि उमेदवाराने हा निकाल जसाच्या तसा स्वीकारू नये. काकाजींच्या रसिकतेमागे वाडा आहे, सुबत्ता आहे. दुसऱ्या कसोटीवर ते उतरत नाहीत. त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. हिंदी मिसळलेली आपली मराठी ते कोणताही संकोच न करता, पूर्ण रुबाबात बोलतात. पांढुर्ण्याचा मुलगा नागपुरात गेला की मराठीत हिंदी येते म्हणून गप्प बसतो, आणि छिंदवाड्यात गेला की हिंदीत मराठी येते म्हणून गप्प बसतो. जो विचारत नाही तो शिकत नाही. म्हणून संकोचाची ही किंमत सरळ कसबातून वसूल होते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकराविषयी थोडेच सांगायचे आहे. तो पुण्याला जातो, वसतिगृहातील मानाच्या कामांत वेळ आणि वडिलांचा पैसा घालवतो, आणि गावी परततो. त्याच्या दुःखाची खोली निर्विवाद आहे. परंतु परत येण्यासाठी त्याच्यामागे शेती आणि वाडा होता. ज्याच्यामागे ते नाही, त्याला पांडुरंगाकडून सोबत मिळेल, सल्ला मिळणार नाही.

या परीक्षेतून एक उणीवही उघड होते. शिंपी, मास्तर, नट यांच्यापाशी मराठी साहित्य आस्थेने थांबले. बोरगावच्या शेडमध्ये लेथसमोर उभा असलेला, हिंदीत करार केलेला आणि मराठीत विचार करणारा मुलगा मात्र या थोर कृतींपैकी एकीच्याही केंद्रस्थानी नाही. तो लिहिला जाईपर्यंत त्याला अनुमानावरच भागवावे लागेल. पांढुर्णा आणि सौंसर येथील वाचनालये, शाळा आणि प्रशिक्षण देणारे उस्ताद यांना विनंती अशी की, ही पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत आणि प्रत्येक पात्राने काय गमावले हे त्यांना विचारावे. क्रमही सांगून ठेवतो. आधी ‘धग’, मग ‘बनगरवाडी’, मग ‘व्यक्ती आणि वल्ली’. नाटके त्यानंतर, आणि शक्यतो मोठ्याने वाचून. ‘कोसला’ उमेदवारीची मुदत संपल्यावर वाचली तरी चालेल. आणि एकच पुस्तक घेणे परवडत असेल, तर ते ‘धग’ असावे.